व्हिसाच्या आधी लशीची तारीख

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या पुरवणीत परदेश प्रवासाच्या तयारीविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला सविस्तर लेख मी दोनदा वाचला. पारपत्राची मुदत, व्हिसा, प्रवास विमा, परकीय चलन, सामानाचे वजन या साऱ्यांची त्यात नेमकी माहिती आहे. लसीकरणाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले आहे, आणि ते असे की, काही देशांत जाण्यासाठी पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस बंधनकारक असून इतर देशांसाठी लशीची गरज नाही. या वाक्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत प्रवाशाला परक्या देशात, अनोळखी रुग्णालयात मोजावी लागते. परिचारिका म्हणून माझ्या नोकरीतील बरीच वर्षे प्रवाशांच्या लसीकरण कक्षात गेली. तिथे जे रोज पाहिले, त्याच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

आमच्या कक्षात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असे : ‘शिक्का कधी मिळेल?’ लस कोणती, ती कशासाठी, आपल्या प्रकृतीला ती चालेल का, हे प्रश्न मागाहून येत, किंवा येतच नसत. यात प्रवाशांचा दोष आहे असे मला कधी वाटले नाही. त्यांना ज्यांनी पाठवलेले असे, त्यांनी लस ही सीमेवर दाखवायची एक कागदपत्रातली बाब म्हणूनच सांगितलेली असे. परंतु ‘बंधनकारक’ लस आणि ‘शिफारस केलेली’ लस यांचे हेतू वेगवेगळे आहेत, आणि हा फरक एकदा लक्षात आला की बाकीचे सारे आपोआप उलगडते. बंधनकारक लस मुख्यतः तुम्ही ज्या देशात पाऊल ठेवणार आहात त्या देशाच्या रक्षणासाठी असते. शिफारस केलेली लस तुमच्या रक्षणासाठी असते.

पीतज्वराचेच उदाहरण घेऊ. हा विषाणूजन्य आजार आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत आढळतो आणि शहरांमध्ये तो एडिस इजिप्ती या डासामार्फत पसरतो. हाच डास आशियातही विपुल आहे, पण तिथे पीतज्वराने अजून घर केलेले नाही. म्हणजे वाहक तयार आहे, फक्त विषाणू यायचा बाकी आहे. २०१६ मध्ये अंगोलात पीतज्वराची मोठी साथ आली, तेव्हा तिथे काम करून मायदेशी परतलेल्या चिनी नागरिकांपैकी ११ जणांना हा आजार असल्याचे चीनमध्ये निष्पन्न झाले. आशियात खात्रीने नोंदवले गेलेले हे पहिलेच रुग्ण होते. सुदैवाने तिथून साथ पसरली नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी या एका आजारासाठी देशांना लस घेतल्याचा दाखला मागण्याची मुभा का दिली आहे, हे या घटनेवरून कळते. ज्या देशात पीतज्वर नाही पण डास आहे, तो देश तुम्ही कुठून आलात, वाटेत कोणत्या विमानतळावर किती तास थांबलात, हे पाहून दाखला मागतो. उलट, ज्या देशात हा आजार खरोखर आहे, तो देश प्रत्येक पाहुण्याकडे दाखला मागेलच असे नाही. त्यामुळे ‘त्यांनी मागितला नाही, म्हणजे धोका नाही’ हा निष्कर्ष काढणारा प्रवासी नेमका उलट्या बाजूला जाऊन उभा राहतो.

या लशीविषयी दोन तारखा प्रत्येक प्रवाशाला माहीत असायला हव्यात. पहिली म्हणजे दहावा दिवस. लस टोचल्यानंतर दाखला दहा दिवसांनी वैध होतो, त्याआधी नाही. लशीतील दुर्बल केलेला जिवंत विषाणू शरीरात थोडा वाढतो, शरीर त्याची ओळख पटवून प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार करते आणि या कामाला तेवढा वेळ लागतो. कोणाच्या ओळखीने किंवा विनंतीने तो कमी होत नाही. वैध दाखला नसलेल्या प्रवाशाला संबंधित देश प्रवेश नाकारू शकतो किंवा सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो. दुसरी तारीख ११ जुलै २०१६. त्या दिवसापासून हा दाखला दहा वर्षांऐवजी आयुष्यभरासाठी वैध मानला जातो, आणि हा नियम त्यापूर्वी दिलेल्या दाखल्यांनाही लागू आहे. दाखल्याच्या जुन्या पुस्तिकेत दहा वर्षांनंतरची मुदत लिहिलेली पाहून घाबरून पुन्हा लस घ्यायला आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि गरज नसताना ती पुन्हा टोचून घ्यायला लावणारे प्रवास संयोजकही पाहिले आहेत. मात्र काही विशिष्ट व्यक्तींना, उदाहरणार्थ लस घेताना गरोदर असलेल्या स्त्रीला किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्याला, पुढच्या प्रवासाआधी आणखी एका मात्रेचा सल्ला दिला जाऊ शकतो. ते डॉक्टरांनी ठरवायचे असते.

एक प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. गुरुवारी दुपारी, कक्ष बंद व्हायच्या सुमारास, एक मध्यमवयीन गृहस्थ धावत आले. रविवारी पहाटेचे विमान होते आणि तिकीट हातात होते. आम्ही त्यांना लस दिली आणि पिवळ्या पुस्तिकेत नोंद केली. ही नोंद कशी करतात तेही सांगण्यासारखे आहे. दिवस आणि वर्ष आकड्यांत लिहितात, पण महिना अक्षरांत लिहावा लागतो, कारण काही देश दिवस आधी लिहितात तर काही महिना, आणि नुसत्या आकड्यांचा अर्थ सीमेवरचा अधिकारी वेगळा लावू शकतो. त्यापुढे लशीच्या उत्पादकाचे नाव, कुपीवरचा बॅच क्रमांक, वैधतेची सुरुवात, वैद्यकीय अधिकाऱ्याची सही आणि केंद्राचा शिक्का. मी ‘वैधतेची सुरुवात’ या रकान्यात पुढच्या आठवड्याच्या शेवटाची तारीख लिहिली, तेव्हा त्या गृहस्थांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘सिस्टर, तेवढी मागची तारीख टाका ना.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तिकडे त्यांच्या मुलीचे बाळंतपण जवळ आले होते. मी ती तारीख बदलली नाही, बदलता येणारच नव्हती, पण त्यांचा चेहरा मी विसरू शकले नाही. व्हिसा हातात आल्याला महिना होऊन गेला होता. त्या महिन्यात त्यांना कोणी एका शब्दाने सांगितले असते, तर त्यांच्यावर ती वेळ आली नसती.

ही लस सर्वांना सरसकट देता येत नाही, हेही लेखात यायला हवे होते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ती देत नाहीत. प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खालावलेल्यांना, थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांना आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती टाळावी लागते किंवा तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावी लागते. साठी ओलांडलेल्या व्यक्तीला पहिल्यांदाच ही लस द्यायची असेल, तर विशेष विचार करावा लागतो, कारण मज्जासंस्थेवर किंवा यकृतासारख्या अवयवांवर होणारे गंभीर दुष्परिणाम अत्यंत विरळ असले तरी या वयात त्यांची शक्यता थोडी वाढते. अशा प्रवाशाला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वैद्यकीय कारणासाठी सूट असल्याचे पत्र मिळू शकते, पण त्याचबरोबर हेही विचारावे लागते की, लस घेता येत नसताना पीतज्वराच्या प्रदेशात जाणे खरेच अटळ आहे का. ‘शिक्का मारून द्या’ एवढ्यावर भागवणाऱ्या घाईत हा संवाद होत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. लस स्वतः उत्तम आहे. शास्त्रज्ञ मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये तयार केलेल्या १७-डी या विषाणूप्रकारावर ती आजही आधारलेली आहे, त्या कामासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि एकच मात्रा बहुतेकांना जन्मभर पुरते. पण ती कोणाला द्यायची हे विचारपूर्वक ठरवणे हा त्या लशीचाच भाग आहे.

आता शिफारस केलेल्या लशींविषयी. सर्वांत आधी ज्या लशींचे नाव निघायला हवे, त्यांचा ‘प्रवासाच्या लशी’ म्हणून कोणी विचारच करत नाही. त्या म्हणजे लहानपणीच्या लशी. गोवर हा माणसाला माहीत असलेल्या सर्वाधिक संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. विमानतळाच्या रांगा आणि प्रतीक्षागृहे त्याच्यासाठी किती सोयीची असतील, हे वेगळे सांगायला नको. २०१९ मध्ये सामोआ या छोट्या बेटराष्ट्रात गोवराची साथ आली आणि सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८० हून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. गोवर तिथे बाहेरून, प्रवाशाबरोबर आला. तो इतका भडकला याचे कारण वर्षभरापूर्वी तिथल्या लसीकरणाचे प्रमाण कोसळले होते. २०१८ मध्ये लशीची भुकटी विरघळवताना नेहमीच्या द्रवाऐवजी चुकून स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि दोन बाळे दगावली; त्यानंतर लसीकरण थांबले आणि लोकांचा विश्वास उडाला. मी स्वतः हजारो कुप्या विरघळवलेल्या आहेत. ती बातमी वाचली तेव्हा त्या दोन बाळांसाठी आणि नंतरच्या साऱ्या मुलांसाठी मला रडू आवरले नाही.

म्हणून परदेशी निघणाऱ्या प्रत्येकाने गोवर-गालगुंड-रुबेला लशीच्या दोन मात्रा झाल्याची खात्री करावी. नोंद सापडत नसेल आणि गोवर होऊन गेल्याचा पुरावाही नसेल, तर पुन्हा घेण्यात अपाय नाही. मात्र ही जिवंत विषाणूची लस असल्याने गरोदर स्त्रियांना देत नाहीत. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी न्यायचे असेल, तर डॉक्टर एक मात्रा लवकर देण्याचा सल्ला देतात, आणि ती नंतरच्या नेहमीच्या दोन मात्रांत धरत नाहीत. धनुर्वात आणि घटसर्प यांची वर्धक मात्रा दर दहा वर्षांनी घ्यायची असते, हे शाळा सुटल्यानंतर बहुतेकांच्या स्मरणातून जाते. इन्फ्लुएन्झाची लसही प्रवासाआधी घ्यावी, विशेषतः वयस्कांनी आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी. कारण फ्लूचा हंगाम उत्तर गोलार्धात थंडीत असतो, दक्षिण गोलार्धात साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो आणि उष्ण कटिबंधात वर्षभर असू शकतो.

अन्नपाण्यातून होणाऱ्या आजारांत हिपॅटायटिस ए आणि विषमज्वर (टायफॉइड) यांच्या लशींची शिफारस सर्वाधिक वेळा केली जाते. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ. लहान मुलांमध्ये ती अनेकदा लक्षातही येत नाही, प्रौढांना मात्र काही आठवडे, कधी काही महिने अंथरुणाला खिळवते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जाऊ शकतात. त्यामुळे माणूस सहलीहून धडधाकट परततो, छायाचित्रे सर्वांना दाखवून होतात आणि मग कधीतरी लघवीचा रंग गडद होतो. त्याचा संबंध सहलीशी लावणे त्याला सुचत नाही. या लशीची एक मात्रासुद्धा चांगले संरक्षण देते, आणि सहा महिन्यांनंतरची दुसरी मात्रा ते दीर्घकाळ टिकवते. विषमज्वराची टोचायची लस निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. ती शंभर टक्के संरक्षण देत नाही आणि त्याच्यासारख्याच पॅराटायफॉइड या तापाला तर रोखतच नाही, म्हणून लस घेऊनही उकळलेले किंवा सीलबंद पाणी आणि गरम, ताजे शिजवलेले अन्न यांचा आग्रह सोडू नये. कॉलऱ्याची तोंडावाटे घ्यायची लस सामान्य पर्यटकाला सहसा लागत नाही. साथीच्या भागात मदतकार्याला जाणाऱ्यांना लागते. कॉलऱ्याचा दाखला मागण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय नियमांतून १९७३ मध्येच काढून टाकली आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

या ठिकाणी एका गटाविषयी मुद्दाम लिहिते. आपल्या मूळ देशात नातेवाइकांना भेटायला जाणारी माणसे ही प्रवासवैद्यकाच्या दृष्टीने जास्त धोक्यात असतात, असे जगभर दिसून आले आहे. ती घरांत राहतात, नळाचे पाणी पितात, गावोगावी फिरतात, मुक्काम लांबवतात, आणि ‘आम्ही तर तिथेच वाढलो’ या भरवशावर सल्ला घ्यायला येत नाहीत. लहानपणी कमावलेली प्रतिकारशक्ती काही आजारांबाबत टिकते, काहींबाबत वर्षांगणिक ओसरते. आणि परदेशात जन्मलेल्या नातवंडांकडे ती मुळातच नसते. आजोळी जाणाऱ्या मुलाला विषमज्वर, कावीळ आणि रेबीज यांचा धोका हॉटेलात चार दिवस राहणाऱ्या पर्यटकापेक्षा अधिक असू शकतो.

रेबीजविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी असावी, कारण ते माझ्या घरात घडले आहे. माझा धाकटा भाऊ एका दूरच्या बेटावर सुटीसाठी गेला होता. माझ्या सांगण्यावरून त्याने इतर लशी घेतल्या, रेबीजची मात्र ‘कुत्र्यांच्या वाटेला मी जाणारच नाही’ असे म्हणून घेतली नाही. मीही आग्रह धरला नाही, आणि ही चूक माझी आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रकिनाऱ्यावर चालताना एका भटक्या कुत्र्याने मागून येऊन त्याच्या पोटरीचा चावा घेतला. त्याने मला फोन केला, तेव्हा मी त्याला पहिली गोष्ट सांगितली, ती म्हणजे नळाखाली पाय धरून साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची, घड्याळ लावून. बेटावरच्या आरोग्य केंद्रात लस होती. पण आधी लस न घेतलेल्या माणसाला अशा खोल जखमेत लशीबरोबरच रेबीजची तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेच्या आत आणि भोवती टोचावे लागते, आणि ते तिथे नव्हते. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवू लागेपर्यंतचे दिवस ते भरून काढते. ते पहिल्या मात्रेपासून सात दिवसांच्या आत मिळावे लागते. बोट, मग मोटार, मग एका शहरातले एक रुग्णालय, तिथे नकार, मग दुसरे. दोन दिवसांनी ते मिळाले. त्या दोन दिवसांत आमच्या घरात कोणी जेवले नाही, कारण रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मला पक्के ठाऊक होते आणि घरच्यांपासून ते लपवणे मला जमले नाही. भाऊ आज सुखरूप आहे.

त्याने निघण्यापूर्वी आठवड्याच्या अंतराने दोन मात्रा घेतल्या असत्या, तर चाव्यानंतर त्याला केवळ आणखी दोन मात्रा पुरल्या असत्या आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरजच पडली नसती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून प्रवासापूर्वीचा हा क्रम पहिला दिवस आणि त्यानंतर सात दिवसांनी असा दोन मात्रांचा केला आहे. चावा टाळण्यासाठी ही लस नाही, आणि ती घेतली म्हणून चाव्यानंतरचे उपचार टळतही नाहीत. ती तुम्हाला वेळ मिळवून देते. जिथे इम्युनोग्लोब्युलिन मिळणे कठीण आहे अशा दुर्गम भागात जाणारे, सायकलने किंवा पायी फिरणारे, प्राण्यांबरोबर काम करणारे आणि लहान मुले यांच्यासाठी तिचा विचार अवश्य व्हावा. मुलांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण मुले प्राण्यांना हात लावतात आणि ओरखडा पडल्याचे घरी सांगत नाहीत.

काही लशी कुठे, कोणत्या ऋतूत आणि कशा प्रकारे फिरणार यावर अवलंबून असतात. जपानी मेंदूज्वर आशियाच्या आणि पश्चिम पॅसिफिकच्या ग्रामीण भागांत क्युलेक्स डासांमुळे होतो. पाणी साचलेली भातशेती आणि डुकरे जिथे जवळजवळ असतात, तिथे त्याचा धोका वाढतो. बहुतेकांना संसर्ग कळतही नाही, पण ज्यांच्या मेंदूला सूज येते त्यांच्यापैकी ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावू शकतात, आणि वाचलेल्यांत अनेकांना कायमचे अपंगत्व येते. शहरात आठवडाभर राहणाऱ्याला ही लस सहसा सांगत नाहीत. गावात महिनाभर राहणाऱ्याला सांगतात. मध्य व पूर्व युरोपापासून रशियापर्यंतच्या जंगलांत भटकणाऱ्यांसाठी गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस आहे; तिच्या मात्रांना वेळ लागतो, म्हणून ती शेवटच्या आठवड्यात सुचून उपयोगी नाही.

मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या जिवाणूजन्य दाहाची, गोष्ट वेगळी आहे, कारण इथे शिफारस आणि सक्ती एकाच लशीत भेटतात. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात, साधारण डिसेंबर ते जूनच्या कोरड्या हंगामात जाणाऱ्यांना ही लस सुचवली जाते. हज आणि उमरा यात्रेकरूंना मात्र सौदी अरेबियाने ती बंधनकारक केली आहे. पोहोचण्याच्या निदान दहा दिवस आधी ती घेतलेली असावी लागते आणि ती या जिवाणूच्या ए, सी, वाय व डब्ल्यू या चारही गटांपासून संरक्षण देणारी असावी लागते. या नियमामागे अनुभव आहे. १९८७ मध्ये हजच्या काळात ए गटाच्या जिवाणूची साथ आली. त्यानंतर लसीकरण सुरू झाले, पण २००० मध्ये डब्ल्यू-१३५ या वेगळ्या गटाने उचल खाल्ली, आणि परतलेल्या यात्रेकरूंबरोबर तो अनेक देशांत पोहोचला. यात्रेला न गेलेली घरची माणसे आजारी पडली. घशात जिवाणू घेऊन आलेला यात्रेकरू स्वतः ठणठणीत असू शकतो, पण त्याला मिठी मारणारा नातू तसा राहीलच असे नाही.

पोलिओबाबत एक नियम असा आहे की, तो प्रवेशापेक्षा निघण्याला लागू होतो. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओचा आंतरराष्ट्रीय प्रसार ही जागतिक आणीबाणी म्हणून जाहीर केली. तेव्हापासून पोलिओचा प्रसार असलेल्या ठरावीक देशांतून बाहेर पडणाऱ्या रहिवाशांनी आणि चार आठवड्यांहून अधिक काळ तिथे राहिलेल्यांनी निघण्यापूर्वी चार आठवडे ते बारा महिने या काळात एक मात्रा घेतलेली असावी, अशी अपेक्षा आहे. या देशांची यादी बदलत राहते, त्यामुळे ती निघताना पाहावी.

आता वेळेविषयी. निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी सल्ला घ्यावा, असे आम्ही सांगत असू, आणि त्याला कारण आहे. काही लशींच्या दोन मात्रांमध्ये चार आठवड्यांचे अंतर लागते. पीतज्वर आणि गोवर यांसारख्या जिवंत विषाणूच्या टोचायच्या लशी एकाच दिवशी न दिल्यास त्यांच्यात किमान चार आठवडे जावे लागतात. पीतज्वराच्या लशीची कुपी विरघळवली की ती काही तासांतच वापरावी लागते, म्हणून अनेक केंद्रे ठरावीक वारीच आणि पुरेसे प्रवासी जमल्यावर लस देतात. तो वार चुकला की आठवडा गेला. असे असले तरी उशीर झाला म्हणून घरी बसू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेली हिपॅटायटिस ए ची लससुद्धा काहीच न घेण्यापेक्षा बरी. मध्ये खंड पडलेला लशींचा क्रम बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेली मात्रा घेऊन पुरा करता येतो. सल्ल्याला जाताना जुन्या लशींच्या नोंदी, चालू औषधांची यादी आणि प्रवासाचा दिवसवार कार्यक्रम बरोबर न्यावा. ‘आफ्रिकेला चाललो आहे’ एवढ्यावरून कोणालाही योग्य सल्ला देता येत नाही. कोणता देश, गाव की शहर, वाटेतला थांबा कुठे आणि किती तासांचा, हे सारे सांगावे लागते.

लस घेतली म्हणजे सारे झाले असे समजू नये, हेही तितकेच आवर्जून सांगते. सामान्य प्रवाशाने घ्यावी अशी मलेरियाची लस आज नाही. आफ्रिकेत २०२१ पासून शिफारस झालेल्या लशी तिथल्या मुलांसाठी आहेत; प्रवाशाने प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या तशा, परतल्यानंतरही ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात आणि मच्छरदाणी वापरावी. परतल्यावर ताप आला, तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आला तरी, डॉक्टरांना पहिले वाक्य ‘मी अमुक देशात जाऊन आलो आहे’ हे सांगावे. मलेरियाचे निदान एक-दोन दिवस लांबल्याने तरुण माणसे गेल्याचे मी पाहिले आहे. केस पेपरवर ‘साधा ताप’ असे लिहिलेले होते, कारण प्रवासाचा उल्लेख कोणी केला नव्हता आणि कोणी विचारलाही नव्हता.

आपणाला आणि आपल्या वाचकांतील प्रवास संयोजकांना, विद्यापीठांच्या परदेश विभागांना आणि कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या आस्थापनांना माझी विनंती आहे. आपण जी कागदपत्रांची यादी देता, तिच्यात पारपत्राच्या खालची ओळ लसीकरण सल्ल्याची असू द्या, आणि तिच्यापुढे ‘निघण्याच्या सहा आठवडे आधी’ असे लिहा. ‘आवश्यक असल्यास’ हे शब्द तिथे नकोत. आवश्यक आहे की नाही हे ठरवण्यासाठीच तो सल्ला असतो. आणि आपल्या पुरवणीतील ते एक वाक्य पुढील अंकात दुरुस्त करावे. सुट्यांचा हंगाम तोंडावर आहे, आणि तो लेख कापून कपाटावर चिकटवलेली घरे नक्की असतील.

आपली,
एक निवृत्त परिचारिका